तपासणीच्या टेबलापर्यंत

वारासिवनी, लांजी, कटंगीहून आलेल्या आशाताई, गोंदियाच्या परिचारिका आणि नागपूरचे डॉक्टर आज बालाघाटात एकत्र आले आहेत. बायकांच्या गुप्तरोगांवर उघड बोलायला एवढी माणसं एका मांडवात बसली, याचा स्वागत समितीला फार आनंद आहे.

इथली वैनगंगा पुढे गडचिरोलीला जाते. तिथल्या वसा आणि अमिर्झा या गावांत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी 650 बायका तपासल्या, काहीच तक्रार नसलेल्यासुद्धा. 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढंच बाई जावेला सांगते, तेही विहिरीवर, आवाज खाली घेऊन. उपचार न झाल्यास पुढे कधी गर्भनलिका बंद होतात, मूल राहत नाही आणि वांझपणाचा ठपका तिच्याच कपाळी येतो.

दोष तिच्या वागण्यात शोधायची सवय जुनी आहे.

पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत 1993 ते 1996 दरम्यान आलेल्या, देहविक्री न करणाऱ्या बायकांपैकी 13.6 टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला होता. अमेरिकेतही वेगळं घडलं नाही. अलाबामातल्या टस्कीगी इथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवलं. पुढे पेनिसिलिन हाताशी आल्यावरही! लागण त्यांच्या बायकांपर्यंत पोचली. त्या बायकांची ‘जोखीम’ कोणती म्हणायची?

आपल्याकडे ‘सुरक्षा’ या सरकारी गुप्तरोग क्लिनिकमध्ये स्रावाच्या काही आजारांसाठी राखाडी रंगाची औषधाची पेटी मिळते. गोळ्या थोड्याच असतात, पण नवऱ्यानेही उपचार घेतले नाहीत तर बाईला पुन्हा लागण होते. नागपूर-हैदराबादला कामाला गेलेला माणूस दिवाळीला घरी येतो, तेव्हा त्याला दवाखान्यात कसं न्यायचं? हे आशाताईंइतकं कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून पहिलं सत्र त्यांचं आहे. डॉक्टरमंडळींनी आधी ऐकावं, एवढी समितीची विनंती.