मनगटावरील आकडा
(टेंभुर्णी येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गतवर्षी येथेच भोजनाच्या पंक्तीत तरुण मंडळी मनगटी घड्याळांतील ‘कार्डिओ फिटनेस’चे आकडे एकमेकांस दाखवीत होती. एकाचा ४४, दुसऱ्याचा ३६. आमचा २७ निघाला. आम्ही बाही खाली ओढली, आणि पुढे महिनाभर फिरणेच सोडले. दोष आमचा, घड्याळाचा नव्हे.

हा आकडा म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटास जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू आपण वापरू शकतो, याचे माप. प्रयोगशाळेत तोंडावर मुखवटा बांधून, धावावयास लावून तो मोजतात. घड्याळ केवळ चाल, नाडी, वय व वजन यांवरून अंदाज बांधते. ॲपलचे गणित निराळे, गार्मिनचे निराळे. नाडी मंद करणारे औषध चालू असेल तर अंदाज आणखी चुकतो. शिवाय वयोमानाने आकडा उतरतोच. मग पुतण्याची चुलत्याशी तुलना कशास?

तुलना करावी ती स्वतःशीच: तेच घड्याळ, तीच सपाट वाट आणि तीन महिन्यांपूर्वीचा आपलाच आकडा. पंढरपूर येथून जवळच आहे. वारीत कोणी दुसऱ्याची पावले मोजीत नाही. दिंडीची सोबत मात्र पाय थांबू देत नाही. आम्हांसही शेजाऱ्यांच्या हाकेनेच पुन्हा घराबाहेर काढले. आज आकडा २९ आहे. तो आम्ही बाही न ओढता सांगतो.

छातीत कळ आल्यास मात्र घड्याळ पाहत न बसता तत्काळ डॉक्टर गाठावा. एरवी उद्या पहाटे शेजाऱ्यास हाक द्यावी, एवढीच विनंती.