माशी आधी ओळखा, मग चाप ओढा

(कोरडवाहू शेतकऱ्यांच्या जिल्हा बैठकीत कर्जत-खालापूर भागातील ठाकुरवाडीच्या कार्यकर्त्याने केलेले भाषण)



तुम्ही कापूस-ज्वारीवाले, आम्ही भात-नाचणीवाले. तुम्ही पाऊस कधी येतो म्हणून आभाळाकडे बघता, आम्ही तो कधी थांबतो म्हणून बघतो. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भीमाशंकरचे रान, मधल्या उतारावर आमच्या ठाकुरवाड्या. तुमच्या-आमच्या शेतीत सारखे असे फार थोडे. पण रानडुक्कर मात्र दोघांकडे एकच. आमचा भात दुधात आला की ते उतरते, तुमची ज्वारी हुरड्यावर आली की ते शिरते. तुमच्याकडे वर रोहीही आहे.

सकाळपासून भावावर, कर्जावर बोलणे झाले. मला मात्र चहाच्या वेळी तीन-चार तरुणांनी वेगळाच प्रश्न विचारला. एकाने मोबाईलवर अमेरिकेतली बंदूक दाखवली. चापाच्या भोवती लोखंडी कडे आहे, त्यात बोटे घालून कडे खाली ढकलायचे, परत वर ओढायचे, की रिकामे काडतूस बाहेर आणि नवे आत. त्या बंदुकीवर दुर्बीण बसवलेली होती. पोरगा म्हणाला, "काका, राखणीच्या बंदुकीवर अशी दुर्बीण बसवली तर नेम चुकणार नाही ना?" त्याला तिथे उत्तर दिले नाही. सगळ्यांसमोर देतो, कारण हा प्रश्न एकट्याचा नाही.

पहिली गोष्ट, ती बंदूक ज्यांची आहे त्यांनीही शंभर वर्षे तिच्यावर दुर्बीण फारशी लावली नाही. विंचेस्टर कंपनीची १८९४ सालची बंदूक घ्या. तिचे रिकामे काडतूस वरच्या अंगाने उडते. दुर्बीण बसवायची जागाही तीच. दुर्बीण मधोमध लावली तर काडतूस तिच्यावर आपटणार. १९८० नंतरच्या दशकात कंपनीने काडतूस तिरके बाहेर पडेल अशी सोय केली. मार्लिन कंपनीच्या बंदुकीत ते आधीपासूनच बाजूने पडते, म्हणून तिच्यावर दुर्बीण सहज बसते. म्हणजे नेम धरायचे साधन निवडताना आधी बंदुकीची घडण बघावी लागते.

आता साधने किती? मुख्य तीन.

एक, उघडी खाच आणि माशी. नळीच्या टोकावर जो दाणा असतो ती माशी. मागे पट्टीत खाच. खाचेच्या मधोमध माशी, माशीवर जनावर. इशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेली ३१५ बोअरची रायफल ज्यांनी बघितली असेल त्यांना हे माहीत आहे. साधे, मजबूत, पडले झडले तरी टिकते. अडचण एकच. डोळ्याला तीन गोष्टी एकदम स्पष्ट बघाव्या लागतात, जवळची खाच, हातभर लांबची माशी आणि दूरचे जनावर. डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट बघतो. विशीत हे खपून जाते. चाळिशी लागली की खाच धुरकट दिसते, आणि राखणीला बहुधा चाळिशीच्या पुढचा माणूसच बसलेला असतो.

दोन, भोकाची खाच. मागच्या पट्टीऐवजी डोळ्याच्या जवळ एक कडी असते, तिच्या भोकातून बघायचे. भोकाकडे लक्ष द्यावे लागत नाही. डोळा आपसूक भोकाच्या मधोमध जातो. आपण फक्त माशी बघायची आणि ती जनावरावर ठेवायची. तीनचे काम दोनावर आले. लष्करातल्या ३०३ रायफलीच्या पुढच्या नमुन्यांत असेच भोक होते. आपल्यातले निवृत्त जवान सांगतील. भोक मोठे आणि कडा पातळ असेल तर संधिप्रकाशातही चालते. भोक बारीक असेल तर दुपारी उत्तम, संध्याकाळी आंधळे.

तीन, दुर्बीण. ती सगळे एकाच अंतरावर आणते, म्हाताऱ्या डोळ्याला सोपे पडते, लांबचे जवळ दिसते. पण तिच्यातून दिसतो तो तुकडा लहान. डुक्कर वीस पावलांवरून पळाले तर दुर्बिणीत नुसते केस दिसतात, पाय कुठे नि तोंड कुठे कळत नाही. शेजारून माणूस येत असेल तर तोही दिसत नाही.

आता थोडा हिशेब करू, शेतकऱ्याला समजेल असा. खाच आणि माशी यांच्यात २० इंच अंतर आहे असे धरा. माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली. एक मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याचा साधारण पाव भाग. ५० वारांवर म्हणजे १८०० इंचांवर ही चूक ९० पट होते. गोळी ९ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांहून जास्त बाजूला जाते. १०० वारांवर १८ सेंटिमीटर, जवळजवळ वीतभर. आता भोकाची खाच डोळ्याजवळ आली म्हणून तेच अंतर ३० इंच झाले. मग ५० वारांवरची चूक ६ सेंटिमीटरवर येते. पैसा न लावता, नुसत्या मागे सरकवलेल्या खाचेने एक तृतीयांश चूक कमी झाली.

म्हणून दुकानदाराला विचारू नका, आपल्या पिकाला विचारा. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असते. तिच्यात पंधरा-वीस पावलांपलीकडे दिसतच नाही. जनावर धुऱ्यावर क्षणभर दिसते आणि जाते. तिथे मोठी, पांढरी माशी हवी, दुर्बीण नको. कापूस कमरेएवढा. त्यात जनावराची पाठ लांबून दिसते आणि लांबून मारायचा मोह होतो. दुर्बिणीचा उपयोग असलाच तर तिथे. पण त्या मोकळ्या रानाच्या पलीकडे कोणाचे खळे आहे, कोणाची झोपडी आहे, हे आधी बघायचे. रायफलीची गोळी मैलभर सहज जाते.

आता मुद्दा असा, की आपल्या हातात कोणती बंदूक येते? १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पिकाच्या राखणीचा उल्लेख सरळ आहे. राखणीसाठी ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तर २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक तो देऊ शकतो. रायफल म्हणजे आतून आटे पाडलेली नळी. तिच्यासाठी वेगळे आणि भक्कम कारण दाखवावे लागते.

गुळगुळीत नळीच्या बंदुकीला बहुधा मागची खाच नसतेच, पुढे नुसता मणी असतो. मग मागची खाच कुठे गेली? ती म्हणजे तुमचा डोळा. गाल दस्त्यावर दरवेळी एकाच जागी टेकला तरच नेम एक राहतो. मान उचलून बघितले की बार वरून जातो. अंधारात दहापैकी आठ वेळा हेच होते आणि दोष काडतुसाला मिळतो. शिवाय छर्रे पसरतात. सरळ नळीतून निघालेले छर्रे दर वाराला सुमारे इंचभर पसरतात असा जुना अंदाज आहे. ३० वारांवर अडीच फुटांचा घेर झाला. मोठे छर्रे मोजकेच असतात. त्यातला एखादा पोटात लागतो आणि जखमी डुक्कर ज्वारीत शिरून बसते. सकाळी निंदायला गेलेल्या बाईच्या अंगावर तेच येते. अशा बंदुकीवर दुर्बीण म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तिला तीस पावलांच्या आतच वापरायचे.

करायचे काय ते सांगतो. माशी काळी असेल तर तिन्हीसांजेला दिसत नाही. तिच्यावर नखाला लावायच्या पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. पितळी माशी उन्हात एका बाजूने चमकते आणि डोळा त्या चमकेकडे ओढला जातो. पांढरी तशी फसवत नाही. राखणीला बसायच्या आधी दिवसाउजेडी, कायद्याने जिथे परवानगी आहे तिथे, मातीच्या उंच बांधासमोर कागद लावून तीन बार टाका. एका बाराने काही कळत नाही. तिन्ही एका बाजूला गेले तर माशी-खाच हलवायची. नियम सोपा आहे. गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची खाच सरकवा, पुढची माशी मात्र उलट्या बाजूला. गोळी खाली लागत असेल तर खाच वर घ्या किंवा माशी किंचित घासा. घासलेले परत येत नाही, म्हणून हळू.

आमच्याकडे शेतात लाकडाचा माळा बांधून राखण करतात. पूर्वजांनी तो डुकराच्या भीतीने बांधला असेल. पण त्याचा एक मोठा गुण आहे. वरून मारलेली गोळी मातीत जाते, शेजाऱ्याच्या शेतात जात नाही. तुमच्या सपाट रानात माळ्याची गरज आमच्यापेक्षा जास्त आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. अंधारात दोन डोळे चमकले म्हणजे डुक्कर नव्हे. कुत्र्याचे चमकतात, वासराचे चमकतात. खसफसले म्हणून बार टाकणाऱ्याच्या हातून माणूस मेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. अख्खे जनावर, तोंडापासून शेपटीपर्यंत, दिसल्याशिवाय बोट चापाजवळ न्यायचे नाही. दुर्बीण जनावर शोधायला वापरायची नाही. कारण दुर्बीण जिकडे, नळी तिकडे.

आता कायदा. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे रानडुक्कर आणि रोही संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती कागदावर हातात आल्याशिवाय बार नाही. मारलेले जनावर सरकारचे. त्याचे मांस वाटले तर गुन्हा वेगळा. आमच्या ठाकुरवाड्यांत विचारतात, वनहक्काचा २००६ चा कायदा आला, मग शिकार चालेल का? नाही. त्या कायद्यानेच शिकारीचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. कोणी उलटे सांगत असेल तर तो तुम्हाला तुरुंगात पाठवतो आहे.

आणि दुर्बीण किंवा बॅटरी बंदुकीवर कायमची बसवण्याआधी परवाना शाखेत लेखी विचारा. घडण बदलली असा ठपका नंतर निस्तरत बसण्यापेक्षा एक अर्ज स्वस्त.

मग आपण सरकारकडे काय मागायचे? बंदुका वाटा, असे मी म्हणणार नाही. गावोगाव बंदुका झाल्या तर डुकरापेक्षा भाऊबंदकी जास्त मरेल. पण पीक उभे असताना परवानगीचा कागद आला पाहिजे, कापणीनंतर नव्हे. केरळ सरकारने २०२२ साली रानडुकराबाबत हा अधिकार ग्रामपंचायतीच्या प्रमुखापर्यंत खाली आणला, आणि काम परवानाधारक, नेम येणाऱ्या माणसांकडे दिले. आपल्या जिल्ह्यात निदान तालुक्याला तरी असे का होऊ नये? दुसरे, निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. डुकराला आचारसंहिता लागू होत नाही. राखणीच्या बंदुकीचा विचार वेगळा व्हावा, किंवा त्या काळातल्या नुकसानीचा पंचनामा तरी तातडीने व्हावा. तिसरे, परवाना देताना कागद बघतात तसा नेमही बघावा, डोळेही तपासावेत.

त्या पोराला माझे उत्तर असे. बाळा, तुझी बंदूक गुळगुळीत नळीची, तुझे पीक ज्वारीचे, तुझे अंतर वीस पावलांचे. तुला दुर्बीण नको. पांढरी माशी, दस्त्यावर टेकलेला गाल, डोक्याएवढा उंच माळा आणि खिशात लेखी परवानगी, एवढे कर. उरलेल्या पैशाचे धुऱ्याला कुंपण घाल. बंदूक रात्रीची एक वेळ राखते, कुंपण बारा महिने राखते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक काम करून यावे. यंदा किती एकर ज्वारी आणि कापूस जनावरांनी नेला, अर्ज कोणत्या तारखेला दिला, उत्तर कोणत्या तारखेला आले, हे वहीत लिहून आणा. अर्जाची पोच जोडा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. तारखा घातलेली वही टेबलावर ठेवली की साहेबाला ती वाचावी लागते.