जुनी पुंगळी, नवा गळा

(आकाशवाणीवरील भाषण)



आमच्या इंदूरच्या जुन्या वाड्यात टांग्याच्या घोड्याचा तबेला होता आणि त्याच्या भिंतीला लागूनच न्हाणीघर. तेथे एक मोठी पितळी घागर असे. एका वर्षी ऐन श्रावणात, कोणाचा धक्का लागलेला नसताना, त्या घागरीला गळ्यापासून पोटापर्यंत सरळ चीर गेली. आजीचा संशय अर्थातच आम्हां मुलांवर आला. शेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार राहत असत. त्यांनी ती चीर बोटाने चाचपून पाहिली आणि ते म्हणाले, "काकू, पोरांना बोलू नका. घोड्याजवळ ठेवलेलं पितळ पावसाळ्यात असंच फुटतं. आमच्या पलटणीतले जुने लोक काडतुसांबद्दल हेच सांगायचे."

आजीची खात्री पटली नाही ती नाहीच. माझ्या मनात मात्र घागर आणि काडतूस यांची जी सांगड तेव्हा बसली, ती पुढे धातुशास्त्र शिकताना उपयोगी पडली. रायफलीच्या एका मापाच्या पितळी पुंगळीपासून दुसऱ्या मापाची पुंगळी कशी घडवितात, हा आजचा विषय आहे. आणि तो समजून घेण्यास घागरीसारखे दुसरे साधन नाही.

रायफलीचे काडतूस म्हणजे चार वस्तूंचा मेळ. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारी टिकली आणि या तिहींना धरून ठेवणारी पितळेची पुंगळी. या पुंगळीलाही घागरीप्रमाणे बूड, पोट, खांदा व गळा असतो. बार उडाला की आतला दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ४,००० पटींपर्यंत चढतो. त्या क्षणी पुंगळी फुगून रायफलीच्या कोठीला घट्ट चिकटते आणि तप्त वायूला मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे, येऊ देत नाही. आणि लगेच किंचित आक्रसून बाहेर निघण्याइतकी सैल होते. गळा मऊ व लवचिक हवा. बूड मात्र कठीणच हवे, कारण दाबाखाली तेच ढिले पडले तर पुढचा अनर्थ सांगावयास नको. एकाच वस्तूच्या दोन टोकांना दोन स्वभाव असावेत, ही पुंगळीची खरी गोम आहे.

हे दोन स्वभाव येतात कोठून? ७० भाग तांबे व ३० भाग जस्त यांच्या मिश्रधातूची एक लहानशी वाटी घेतात. आपल्याकडे अशा वाट्या अंबरनाथच्या आयुध कारखान्यात होत आल्या आहेत. ती वाटी साच्यातून पुनःपुन्हा दाबून, ओढून लांब करतात. पितळ ठोकले वा ओढले की कठीण होत जाते, आणि मर्यादेपलीकडे ताणले की तडकते. म्हणून मधूनमधून त्यास ताव द्यावा लागतो. तांबट आळीतून कधी गेला असाल तर हे आपण पाहिलेच असेल: ठोका, भट्टीत घाला, पुन्हा ठोका. पोलाद लाल करून पाण्यात बुडविले तर कठीण होते. पितळाचे तसे नाही. एकदा ताव बसला की ते पाण्यात बुडवा अगर हवेत निवू द्या, मऊच राहते. पुंगळीच्या बुडाला शेवटी दाबाचा जबर ठोसा देऊन कठीण करतात व नंतर ताव फक्त गळ्यापुरता देतात. फौजी काडतुसांच्या गळ्याशी जी निळसर तपकिरी झाक दिसते ती या तावाची खूण होय.

आता पुंगळीच्या स्थित्यंतराकडे वळू. ही कल्पना हौशी लोकांची नव्हे, खुद्द कारखानदारांची आहे. ब्रिटिश फौजेने १८७१ साली स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे काडतूस .५७७/४५० या जोडनावाने ओळखले जाई. पहिला आकडा मूळच्या जाड पुंगळीचा, दुसरा आवळलेल्या गळ्यातील गोळीचा. जणू आईचे नाव आधी आणि लेकीचे मागाहून! पुढे ही काडतुसे बंडखोरांच्या हाती लागतील या धास्तीने सरकारने हिंदुस्थानात व सुदानात .४५० मापाची बंदी केली. शिकारी बंदुका बनविणाऱ्या विलायती पेढ्यांनी काय केले? नव्या मापाची काडतुसे काढली. हॉलंड अँड हॉलंड यांचे १९०७ चे .५००/४६५ हे त्यांपैकीच एक; .५०० ची पुंगळी, पण गळा आवळलेला. सरकारने आकड्यावर बोट ठेवले, कारागिरांनी आकडा बदलला.

हौशी लोकांवर हा उद्योग करण्याची पाळी विशेषेकरून १९४५ नंतर अमेरिकेत आली. पॅसिफिकच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांनी जपानी अरिसाका रायफली आठवण म्हणून घरी आणल्या. रायफल आहे, पण ७.७ मिलिमीटरचे जपानी काडतूस कोठल्या दुकानात मिळणार? त्यांच्या स्वतःच्या फौजेची १९०६ सालची ‘थर्टी ऑट सिक्स’ पुंगळी मात्र उदंड होती. तिचे बूड जपानी पुंगळीशी जवळजवळ जुळते आणि लांबी सुमारे ६३ मिलिमीटर, तर जपानी पुंगळी सुमारे ५८. आखूड पुंगळी लांब करता येत नाही. लांब असेल तर कापता येते. आणि बूड तर बदलताच येत नाही, म्हणून आधी बूड जुळणारी आई शोधावी लागते.

कृती ऐकावयास सोपी वाटते. पुंगळीला वंगणाचा पातळ हात द्यावयाचा, पोलादी साच्यात दाबून तिचा खांदा मागे सरकवायचा, वर उरलेला गळा कापून टाकावयाचा आणि नवा गळा जपानी गोळीच्या मापाला किंचित रुंद करावयाचा. वंगण कमी पडले तर पुंगळी साच्यात अडकते, जास्त झाले तर खांद्याला खळगा पडतो. येथवरचे सारे डोळ्यांना दिसते.

डोळ्यांना न दिसणारी गोष्ट पुढे आहे. खांदा मागे ढकलला म्हणजे जे पितळ कालपर्यंत पोटाचे होते ते आज गळ्याचे झाले. आणि पोटाची भिंत गळ्याहून जाड असते, बुडाकडे तर अधिकच. बाहेरून माप अचूक भरते, पण आत गळा जाड राहिलेला असतो. अशा काडतुसाचा गळा कोठीत इतका घट्ट बसतो की बार उडाल्यावर त्याला फुगून गोळी सोडण्यास जागाच उरत नाही, आणि दाब धोक्याच्या पातळीवर चढतो. म्हणून सूक्ष्ममापीने गळ्याची भिंत मोजावी लागते व जादा पितळ खरडून काढावे लागते. या कामातील माहितगार माणूस साच्यापेक्षा सूक्ष्ममापीवर अधिक विश्वास ठेवतो, तो उगाच नव्हे.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे कठीणपणा. एवढी दाबादाबी झाल्यावर गळ्याचे पितळ ठिसूळपणाकडे झुकलेले असते. ताव द्यावयास हवा, पण तो गळ्यालाच. जुनी रीत अशी की पुंगळ्या तबकात उभ्या करून निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरावयाचे आणि वरच्या भागावर ज्योत फिरवावयाची. पाणी असेपर्यंत बूड तापू शकत नाही. कोणी घाईने सबंध पुंगळी भट्टीत घातली तर तिचा आकार तसाच सुबक राहतो, आणि बुडाचा कठीणपणा, म्हणजे नेमबाजाचे कवच, नाहीसा झालेला असतो. आकार पाहून हा फरक कोणालाही ओळखता यावयाचा नाही.

आणि आता आमची घागर! एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवीत, आणि पावसाळा उलटल्यावर पाहावे तो पुंगळ्या तडकलेल्या. या विकाराला इंग्रज लोक ‘ऋतूची चीर’ म्हणू लागले. खरे कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या इंग्रज संशोधकांनी मांडले. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळावर बसतो; पण तो एकटा काही करू शकत नाही. पितळ घडविताना त्यात जो ताण कोंडून राहिलेला असतो, तो आणि अमोनिया एकत्र आले म्हणजे चीर जाते. सुमारे २५० अंश सेल्सियसचा सौम्य शेक दिला की हा ताण उतरतो व धातूचा कठीणपणा फारसा कमी होत नाही. आमच्या घागरीच्या तांबटाने शेवटचा शेक देण्याची टाळाटाळ केली असावी. ज्याने पुंगळीचा गळा नव्याने दाबला, त्याने नवा ताण कोंडला. तो न उतरविता काडतुसे वर्षानुवर्षे ठेवून दिली, तर जुन्या तबेल्याची कथा नव्या कपाटात घडू शकते. अमोनियायुक्त पॉलिशने पुंगळ्या घासू नयेत असे जाणते लोक बजावतात, ते याचसाठी.

कोणी विचारील, आपल्या फौजेने १९६० नंतरच्या दशकात .३०३ सोडून ७.६२ मिलिमीटरचे काडतूस घेतले, तेव्हा जुन्या पुंगळ्या का वापरल्या नाहीत? उत्तर बुडाशीच आहे. .३०३ च्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो, ७.६२ ला तो नसतो. शिवाय जुनी पुंगळी कमी दाबासाठी योजलेली होती. तेथे साचा काय करणार?

आपल्या देशात हा घरी बसून करावयाचा उद्योग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे. जेथे कायदा ही मुभा देतो, तेथेही एक अडचण राहतेच. प्रत्येक पुंगळीच्या बुडावर तिच्या कारखान्याची व बहुधा मापाचीही अक्षरे ठोकलेली असतात. आपल्या खडकीच्या कारखान्याची खूण ‘के एफ’ अशी असे. गळा बदलला, खांदा बदलला, तरी बुडावरची ही अक्षरे जुनीच राहतात. जपानी रायफलीसाठी घडविलेले काडतूस आपण अमेरिकन असल्याचेच सांगत राहते. घडविणारा माणूस डब्यावर चिठ्ठी लावतो. पण चिठ्ठ्या गळून पडतात, आणि वीस वर्षांनी तो डबा उघडणारा कोणी निराळाच असतो. म्हणून अशा घरातील जुन्या डब्यांतील काडतुसे, बुडावरची अक्षरे कितीही स्पष्ट असली, तरी मोजून पाहिल्यावाचून कोणत्याही रायफलीत घालीत नाहीत.