वाचून झाल्यावर आधी कोण काय बोलतं?



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. साहित्यावर अधिकाराने बोलावं असा माझा अभ्यास नाही. पण आमच्या वस्तीतल्या लेखन गटात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दहा-बारा जण बसतो. दोन तास आणि तिघांचं वाचन. त्या बैठकांविषयी एकच मुद्दा मांडतो. गट टिकणार की मोडणार, हे वाचन संपल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत ठरतं.

आमच्यापैकी अनेकांच्या घरी दखनी बोलतात आणि लिहितात मात्र मराठीत. त्यामुळे कथा वाचली की पहिली सूचना शुद्धलेखनाची येते. एका मुलीच्या कथेत आजी म्हणते, ‘नक्को.’ लगेच कुणी म्हणालं, ‘नको असं करा.’ शेजारच्या बाईंनी मात्र विचारलं, ‘क दोनदा का?’ मुलगी म्हणाली, ‘आजी एकदाच नाही म्हणते, पण पक्कं म्हणते.’ सूचना मानली असती तर शब्द गेला असता. प्रश्नामुळे आजी आमच्यासमोर उभी राहिली.

अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये कलाकृतीवर प्रतिसाद देण्याची चार पायऱ्यांची एक पद्धत मांडली. ती आम्ही वापरतो. आधी ऐकणाऱ्यांनी सांगायचं, काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग लेखकाने आपले प्रश्न विचारायचे. मग ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत दडवायचं नाही. ‘शेवट इतका लांब का?’ हा प्रश्न नाही, तो शेरा आहे. ‘शेवटी वाचकाच्या मनात काय उरावं असं वाटतं?’ हा प्रश्न. चौथ्या पायरीवर मत येतं, तेही परवानगी घेऊन : ‘शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?’ लेखक ‘नको’ म्हणू शकतो.

ऑफिसात आम्ही एकमेकांचा कोड तपासतो. तिथे प्रोग्रॅम चालवून पाहता येतो, चूक समोर येते. कथेला तशी चाचणी नसते. म्हणून आधी लेखकाला काय करायचं होतं, हे समजून घ्यावं लागतं.

याहून मोठं कारण वेगळं आहे. एखादी ताई घरातल्या छळावर लिहिते, तेव्हा लोक कथेवर कमी आणि तिच्या संसारावर जास्त बोलतात. ‘तू सहन का केलंस?’ असं एकदा विचारलं गेलं की पुढच्या रविवारी ती येत नाही. म्हणून आमचे आणखी दोन नियम आहेत. बोलायचं ते ‘कथेतल्या बाई’विषयी, ‘तुझ्या’विषयी नाही. आणि खोलीतलं खोलीतच ठेवायचं.

हमीद दलवाईंची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ची, मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७०चं. मंडळाच्या आधी कादंबरी आली होती. आपल्या माणसांचं जगणं आधी नीट पाहून लिहावं लागतं, आणि त्यासाठी लिहिणाऱ्याला निर्धास्त बसता येईल अशी जागा लागते.

अशी जागा करायला पैसा लागत नाही. पाच माणसं, एक खोली आणि घड्याळ पाहणारा एक जण पुरे. तुमच्या गल्लीत सुरू करा. पहिल्या बैठकीत दुरुस्त्या बंद ठेवा. ज्यांनी आजवर कुणाला वाचून दाखवलेलं नाही, त्यांना आधी वाचू द्या.