बैराच्या किनाऱ्यावरचे डॉक्टर



आपत्तीतल्या वैद्यकीय सेवेची परिषद सांगलीत का, हे इथल्यांना सांगावं लागत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. पण त्याच वर्षी मार्चमध्ये आपलं नौदल दूरच्या एका पुरात उतरलं होतं. मला बोलायचंय ते त्याबद्दल.

14 मार्चच्या रात्री ‘इडाई’ चक्रीवादळ मोझांबिकच्या बैरा बंदरावर आदळलं. पुंग्वे आणि बुझी या नद्यांनी पात्र सोडलं. नौदलाच्या प्रशिक्षण ताफ्यातली ‘सुजाता’, ‘शार्दूल’ आणि तटरक्षक दलाचं ‘सारथी’ ही जहाजं तिकडे वळवली गेली. त्यांनी 190हून अधिक माणसं वाचवली, शिबिरांत 1,300हून अधिक जणांना उपचार दिले. गावातलं रुग्णालयच मोडकळीला आलेलं असताना स्वतःची औषधं, पाणी आणि हेलिकॉप्टर घेऊन येणारा डॉक्टर म्हणजे काय, हे पूर पाहिलेल्यालाच कळतं. त्याबद्दल या मंडळींचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

खरी परीक्षा मात्र पाणी ओसरताना सुरू झाली. कॉलरा आला. कॉलऱ्याच्या रुग्णाची खाट आपल्यातल्या थोड्यांनीच पाहिली असेल. मधोमध भोक, खाली बादली. बादलीत किती गेलं ते मोजायचं आणि तेवढं सलाईनने, जलसंजीवनीने परत भरायचं. रात्रभर, तासातासाला. हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. जहाज तितकं थांबू शकत नाही. 3 एप्रिलपासून तिथे लसीकरण सुरू झालं, सुमारे 9 लाख मात्रांची तयारी होती. रुग्ण हजारोंनी झाले, तरी कॉलऱ्याचे मृत्यू दहाच्या आत राहिले. त्यात तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे.

म्हणून माझा आग्रह आहे, की बाहेरून गेलेल्या पथकाने रुग्ण स्थानिकांकडे सोपवण्याची तयारी पहिल्याच दिवशी सुरू करावी. मोझांबिकमधल्या, पोर्तुगीज वाचणाऱ्या परिचारिकेच्या हाती इंग्रजी केसपेपर देऊन निघालो, तर रुग्णाला दुसऱ्या दिवशी कोणता डोस मिळणार?

पहिलं सत्र त्यासाठीच ठेवलंय. लष्करी वैद्यकीय सेवेतून इथे आलेल्या मंडळींनी मोकळेपणाने सांगावं, निघताना मागे काय ठेवता आलं, काय राहून गेलं. नदीकाठच्या गावांतल्या आरोग्यसेविका पुढच्या रांगेत बसल्या आहेत. प्रश्न आधी त्यांचे घ्यावेत, एवढी अध्यक्षांना विनंती करतो.