कॉलऱ्याचा जिवाणू आणि त्याच्या पटलातील प्रथिने

कॉलऱ्याचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, मुळात खाडीच्या मचूळ पाण्यात राहणारा जीव आहे. तिथे तो पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांना चिकटून राहतो आणि त्यांच्या कवचातल्या कायटिनवर गुजराण करतो. दूषित पाण्यातून तो माणसाच्या पोटात गेला की त्याचे जग पार बदलते. आधी जठरातले तीव्र आम्ल, मग लहान आतड्यातले पित्त, आणि सोबत आतड्याच्या पेशींनी सोडलेली जिवाणूनाशक पेप्टाइडे. बहुतेक जिवाणू जठरातच मरतात. जे तरतात ते मुख्यतः पटलातील प्रथिनांच्या बळावर तरतात, आणि त्यांतलीच काही प्रथिने पुढे रोग घडवून आणतात.

या जिवाणूभोवती दोन पटले असतात व त्यांच्यामध्ये एक अरुंद पोकळी असते. बाहेरच्या पटलात पोरिन जातीची प्रथिने रोवलेली असतात. त्यांच्या पोकळ नळीतून क्षार आणि छोटे पोषक रेणू आत येतात. पण अन्नाची ही वाट घातक द्रव्यांनाही खुली असते. पित्तातील क्षार साबणासारखे स्निग्ध पदार्थ विरघळवतात, आणि जिवाणूच्या पटलाचा पायाच स्निग्ध पदार्थांचा आहे.

आम्लाशी सामना करण्यासाठी आतल्या पटलात कॅडसी नावाचे प्रथिन असते. आम्लता वाढली की ते लायसिनपासून कॅडाव्हेरिन बनवणारी जनुके चालू करते. या क्रियेत पेशीतले आम्ल खर्ची पडते. कॅडाव्हेरिन बाहेर टाकून लायसिन आत घेणारे वाहक प्रथिनही पटलातच बसलेले असते.

पित्ताची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तिच्या केंद्रस्थानी टॉक्सआर हे प्रथिन आहे. व्हर्जिनिया मिलर आणि जॉन मेकालानोस यांनी 1984 मध्ये दाखवले की कॉलऱ्याच्या विषाची जनुके या प्रथिनामुळे जागी होतात. 1987 मध्ये त्याची रचना कळली, आणि ती विलक्षण होती. टॉक्सआर आतल्या पटलाला आरपार छेदून बसते: एक टोक दोन पटलांमधल्या पोकळीत, दुसरे पेशीच्या आत थेट डीएनएला धरलेले. परिसराची चाहूल घेणारे आणि जनुकाला हुकूम देणारे प्रथिन एकच असावे, ही जिवाणूशास्त्रातील फार सुंदर रचना म्हटली पाहिजे.

टॉक्सआरच्या हुकुमाने बाहेरच्या पटलातले पोरिन बदलते. ओम्पटी या पोरिनचे उत्पादन दाबले जाते आणि ओम्पयूचे वाढते. ओम्पटीच्या नळीत पित्तक्षार सहज शिरतात, ओम्पयूच्या नळीत फारसे शिरत नाहीत. ही अदलाबदल किती मोलाची आहे हे प्रयोगाने सिद्ध झाले. ओम्पयूच्या जागी ओम्पटी बनवायला लावलेले जिवाणू पित्ताला बळी पडू लागले, आणि उंदरांच्या पिल्लांच्या आतड्यात त्यांना नीट ठाण मांडता आले नाही. त्यांचे विषही कमी बनले. म्हणजे तग धरणे आणि रोग घडवणे यांत कडेकोट सीमारेषा आखता येत नाही.

पटलात शिरलेले पित्त बाहेर फेकणारे पंपही असतात. व्हेक्सएबी हा त्यांपैकी एक. तो काढून टाकला तर जिवाणू पित्ताबरोबरच एरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकांनाही हळवा होतो. आतड्यातल्या पित्तापासून वाचवणारी यंत्रणा औषधांनाही निष्प्रभ करू शकते, ही वैद्यकाला सतावणारी बाब आहे.

टॉक्सआर आणि आतल्याच पटलातले टीसीपीपी हे प्रथिन मिळून टॉक्सटी या नियामकाला जागे करतात. टॉक्सटी मग आतड्याला चिकटून राहण्यास मदत करणारे तंतू आणि कॉलऱ्याचे विष या दोहोंची जनुके चालू करतो. विष बाहेरच्या पटलातील एका मोठ्या द्वारातून सोडले जाते. कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये, सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात जिवाणूविरहित गाळीव द्रव घालून, या विषाचे अस्तित्व दाखवले. विष आतड्याच्या पेशींत शिरून सायक्लिक एएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढवते. त्यामुळे क्लोराइडची वाहिनी उघडी राहते आणि क्षारांमागोमाग पाणी आतड्यात ओतत राहते. रोगी दगावतो तो पाणी आणि क्षार गमावून.

उपचाराचा मार्गही एका पटल-प्रथिनातूनच जातो, फक्त ते प्रथिन माणसाचे आहे. आतड्याच्या पेशींवर सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आत ओढणारे वाहक असते, आणि कॉलऱ्याचे विष त्याला बंद पाडत नाही. मीठ-साखरेच्या द्रावणाची परिणामकारकता त्यावरच अवलंबून आहे. 1971 च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात दिलीप महालनोबिस यांनी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत हे द्रावण तोंडावाटे दिले, आणि तिथले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले.