कथालेखक आणि त्याचा विद्यार्थी वाचक



साहित्यावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? १९८२ साली मुंबईत गिरणी-संप सुरू झाला आणि त्याच वर्षी आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या एका कपाटापुढे. त्या कपाटातून पहिल्याने हाती आले ते 'श्यामची आई'.

गेल्या महिन्यात त्याच कचेरीत एक मुलगा येऊन बसला. दिवसा घरोघर सामान पोचवतो, संध्याकाळी रात्रशाळेत दहावी करतो. मोबाईलवर त्याने एक कथा वाचली होती आणि लेखकाला तेथेच चार ओळी लिहिल्या होत्या. 'तुमच्या कथेतला मुलगा काम सोडून शिकायला जातो. मग घरभाडे कोण भरतो, ते तुम्ही लिहिले नाही.' आम्ही म्हटले, 'अरे, लेखकमंडळी कामात असतात.' तो म्हणाला, 'काका, कामात तर मीपण असतो.' आम्ही निरुत्तर झालो.

म्हणून आज गुरुजींची आठवण काढतो. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयाचा भार त्यांच्यावर आला, तेव्हा ते मुलांसाठी हाताने लिहिलेले एक दैनिक काढीत. छापखाना नाही, वर्गणी नाही. वाचक म्हणजे एका छात्रालयातली मुले, तेवढीच. परंतु कोण तापाने पडला आहे, कोणाचे मन घराकडे लागले आहे, हे त्या लेखकाला ठाऊक असे. कारण मुलांच्या खोल्या झाडणारा आणि त्यांचे कपडे धुणाराही तोच होता.

पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' अवघ्या पाच दिवसांत लिहिली. लोकांना याचे नवल वाटते. आम्हांला वाटत नाही. लेखणी पाच दिवस चालली, पण सांगण्याचा सराव कित्येक वर्षांचा होता. पुस्तकाची मांडणीच पाहा. प्रकरणांना नाव 'रात्र'. प्रार्थना आटोपल्यावर श्याम सांगतो आणि भोवती मित्र बसून ऐकतात. ऐकणारा समोर बसला आहे, हे लेखक एका पानावरही विसरत नाही. या लेखनाला रडवे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. तथापि ज्याच्यासाठी लिहिले त्याची ओळख नाही, असे त्यांच्याविषयी कोणी म्हणू शकणार नाही.

आज साधने बदलली आहेत. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे पुस्तकावरचा हक्क टिकतो. तो २०१० अखेर संपला. सबब त्यांची पुस्तके आता कोणीही छापावीत, कोणीही जालावर विनामूल्य ठेवावीत. ज्या मुलाच्या घरी कपाट नाही, त्याच्याही खिशात ती पोचतात. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु पुस्तक पोचले तरी त्यावरच्या प्रश्नाला उत्तर द्यायला गुरुजी नाहीत. ते काम हयात लेखकांचे आहे.

हे लेखक विद्यार्थ्यांपर्यंत जातातही. मोबाईलवर भेटतात, कथा वाचून दाखवतात. पण किती जणांनी पाहिले, किती जणांना आवडले, हा आकडा त्यांच्यापुढे सारखा हलत असतो, आणि आमची शंका त्या आकड्याविषयी आहे. आम्हां युनियनवाल्यांना हा मोह परिचित आहे. सभेत टाळ्या पडल्या की वाटते, सारे कामगार आपल्या पाठीशी आहेत. दुसऱ्या दिवशी फाटकावर उभे राहिले की कळते, टाळी वाजवणाऱ्याच्या घरी महिन्याचा किराणा भरलेला नाही, आणि त्याविषयी आपण अवाक्षरही बोललो नव्हतो. टाळ्यांवर संप चालत नाही. जो कोपऱ्यात उभा राहून अडचणीचा प्रश्न विचारतो, त्याला उत्तर दिले तरच चालतो.

लेखकाने हजारो पत्रांना उत्तरे द्यावीत, असा आमचा आग्रह नाही. ते कोणालाच शक्य नाही. परंतु महिन्यातून एक प्रश्न तरी असा निवडावा की ज्याने आपली कथा उणी ठरते, आणि त्याला सर्वांसमक्ष उत्तर द्यावे. 'हे मला सुचले नाही' एवढे म्हटले तरी पुरे. त्याने लेखकाचा मान कमी होत नाही. उलट मुलाला कळते की छापलेल्या शब्दालाही प्रश्न विचारता येतो. ज्याला हे पंधराव्या वर्षी कळले, तो पुढे मालकाच्या नोटिशीवर डोळे मिटून सही करणार नाही. आमचा स्वार्थ म्हणाल तर एवढाच.

आणि विद्यार्थीमित्रहो, नुसता अंगठा दाखवून थांबू नका. काय पटले नाही, ते चार ओळींत लिहा.

त्या मुलाला उत्तर आले काय, असे आपण विचाराल. काल संध्याकाळपर्यंत आले नव्हते. तो अजून वाट पाहतो आहे आणि दरम्यान घरभाड्याचा प्रश्न त्याने स्वतःच वहीत लिहायला घेतला आहे. दोन पाने झाली आहेत. ती आम्ही वाचली, आणि आमचे उत्तर त्याला आज रात्री द्यायचे आहे.